सहासष्ट वर्षांचं रशियन

यादीत अकरावं नाव लिहून डॉक्टर यशपालनं पेनाला टोपण लावलं आणि समोर बसलेल्या प्रदीपला हिशेब सांगितला. अकरा डॉक्टर, प्रत्येकाची तिकडं रशियात सहा वर्षं. एकट्या सोलापुरात सहासष्ट वर्षांचं रशियन पडून आहे आणि तुझी बायको म्हणते, इथं बोलायला कुणी नाही.

प्रदीप हसला, पण अर्धाच. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात मॅनेजरची जागा मिळाली म्हणून जूनमध्ये तो पुणं सोडून आपल्या गावी परतला होता. बायको मिला कझाकस्तानातल्या अल्माटीची, माहेरची भाषा रशियन. पुण्यात तसं बोलणाऱ्या सात-आठ बायका दर रविवारी पोराबाळांसह जमायच्या. सोलापुरात सासूबाई मनकर्णा जीव लावत होत्या, पण मराठीत.

मिलाला स्वतःचं फारसं वाटत नव्हतं. तिला बोचत होती ती सहा वर्षांची धम्मप्रिया. मुलगी हल्ली आईला मराठीतच उत्तर द्यायची. एकदा तिनं शेजारच्या हेमावतीकाकूंना समजावूनही सांगितलं, "आई बोलते ती पुण्याची भाषा हाय. हितं चालत न्हाय."

काकू पोट धरून हसल्या. मिला त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं प्रदीपला शांतपणे सांगितलं, मार्चमध्ये शाळा संपेपर्यंत बघते. नाहीतर मी आणि पोरगी पुण्याला. तू शनिवारी येत जा.

म्हणून तो शाळासोबती यशपालकडं आला होता. तिकडं राहून आलेली माणसं हवीत, असं तो म्हणाला. यशपालनं कागदाच्या डोक्यावर लिहिलं, 'तिकडं शिकून आलेले', आणि त्याखाली रेघ मारली.

बैठक ठरली रविवारी दुपारी, यशपालच्या दवाखान्यावरच्या हॉलमध्ये. जेवणासाठी हरिबाला बोलावलं. हरिबा मूळचा बार्शीचा, आता सोलापुरात लग्नामुंजीची जेवणं करायचा. विद्यार्थी असल्यापासून यशपाल त्याच्याच हातचं खात आला होता. दुसरा आचारी त्याला चालत नसे.

हरिबानं टेबलावरची यादी वाचली, वरून खाली आणि पुन्हा वर. मग म्हणाला, "डॉक्टर, म्या बी बसू का मधी?"

"तू बसलास तर वाढणार कोण?"

"व्हय, ते बी हायच की," म्हणून हरिबा भाजीच्या हिशेबाला लागला. दोन जुड्या शेपू वेगळा, बटाटे नुसते उकडून, आणि साय आदल्या दिवशीच विरजून ठेवायची. कच्चा शेपू कोण खातं, असं यशपालनं विचारलं. पावणी बाहेरची, आपलं तिखट झेपायचं न्हाय, असं हरिबाचं म्हणणं पडलं. ते यशपालला पटलं.

रविवारी अकराच्या अकरा आले. डॉक्टर ईरप्पांनी आत शिरतानाच हरिबाची चौकशी केली, मिठाचा हात मेसमधल्यासारखा अजून सैलच का?

"तुमाला पेशंट कमी पडाया नगंत म्हणून की," हरिबा म्हणाला.

मिला सासूबाईंची इरकल नेसून आली होती. सगळे बसल्यावर ती उभी राहिली आणि रशियनमध्ये पाच-सहा वाक्यं बोलली. शेवटचं वाक्य प्रश्न होता, एवढं आवाजावरून सगळ्यांना कळलं.

डॉक्टर सिद्धेश्वरी म्हणाल्या, "स्पासीबा." म्हणजे धन्यवाद. ईरप्पांनी एक ते दहा आकडे म्हटले, सात विसरले. कोपऱ्यातून कुणीतरी एक शिवी दिली. तिचे उच्चार मात्र फार स्वच्छ होते.

मिलानं तोच प्रश्न पुन्हा, सावकाश विचारला. सगळ्यांचे डोळे यशपालवर खिळले.

"वहिनी, खरं सांगतो," यशपाल म्हणाला. "शिकवणं इंग्रजीत. खोलीत सगळी सोलापूर-लातूरची पोरं. जेवण आपल्याच मेसमध्ये. बाजार, घरमालक, पोलीस, सगळं मेसवाला निस्तरायचा. आम्हाला तोंड उघडायची वेळच आली नाही."

तिथल्या पेशंटांचं कसं भागवलंत, हे कुणी विचारलं नाही. सोलापुरात डॉक्टरांना असं विचारत नाहीत.

"असू दे, भाऊजी," मिला मराठीत म्हणाली आणि बसली. सहासष्ट वर्षांचे अकरा शब्द निघाले होते. त्यांतले नऊ आकडे.

पानं मांडली. बायका साड्यांवर बोलू लागल्या, पुरुष जागांच्या भावावर. धम्मप्रियानं ताट पुढं सरकवलं. मिलानं तिच्या कानाशी, हळू आवाजात, आपल्या भाषेत समजूत काढली.

"आई, मराठीत बोल की," मुलगी मोठ्यानं म्हणाली. "बघितलंस न्हवं? पुण्याची भाषा हितं कुणालाच येत न्हाय."

अकराही डॉक्टरांना एकदमच भूक लागली. मिलानं नवऱ्याकडं बघितलं. मार्च आजच संपला, हे प्रदीपला त्या नजरेत दिसलं.

हरिबा पातेलं घेऊन ओळीतून येत होता. मुलीपाशी आल्यावर त्यानं तिच्या ताटात उकडलेला बटाटा ठेवला, त्यावर आंबट साय आणि वर चिमूटभर बारीक चिरलेला शेपू. मुलीनं मान फिरवली. हरिबानं पातेलं खाली ठेवलं, खांद्यावरच्या पंच्याला हात पुसले आणि उकिडवा बसून तिला काहीतरी विचारलं. बरंच लांबलचक, कुठंही न अडखळता.

मिलाच्या हातातला घास हातातच राहिला.

धम्मप्रियानं एकदा आईकडं बघितलं, एकदा हरिबाकडं. मग ताट जवळ ओढलं आणि भरल्या तोंडानं त्याला उत्तर दिलं, पुण्याच्या भाषेत.