नव्वद दिवस

"काका, त्या दिवशीच्या फोनचं रेकॉर्डिंग तेवढं काढून द्या," सिस्टर दारातूनच म्हणाली. "वर चौकशी बसलीय. दहा मिनिटांत मला बोलावतील."

काका हॉस्पिटलचे रेकॉर्डकीपर. तळघरातली खोली, दोन कॉम्प्युटर आणि अठ्ठावीस वर्षांची नोकरी. माघारी सगळे त्यांना चित्रगुप्त म्हणत आणि ते त्यांना ठाऊक होतं. मनातून आवडतही होतं.

टेबलावर सकाळचा पेपर होता. 'चूक लपवली नाही' असा मथळा, खाली संचालकांचा फोटो. बारा नंबरच्या खाटेवरचे आजोबा दुप्पट डोसनं गेले, ही नोंद हॉस्पिटलनं स्वतःहून, जशीच्या तशी जाहीर केली होती. एक अक्षर बदललेलं नव्हतं. असं हॉस्पिटल शोधून सापडायचं नाही, असं लोक म्हणत होते. नोंदीत नाव एकच होतं, सिस्टरचं.

आजोबा गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी हेच संचालक खाली आले होते. "एवढी एक नोंद दिसली नाही तर बरं होईल," म्हणाले होते. काका उभे राहून म्हणाले, "साहेब, माझी नोकरी मागा, देतो. नोंद मागू नका." संचालक चिडले नाहीत. उलट खुर्ची ओढून बसले आणि सहज विचारल्यासारखं म्हणाले, "आपण काय काय किती दिवस ठेवतो हो?" एवढ्या आपुलकीनं तसं कुणी कधी विचारलं नव्हतं. काकांनी घडाघडा सांगितलं. केसपेपर पंचवीस वर्षं, एक्स-रे दहा, फोनची रेकॉर्डिंग नव्वद दिवस. मग पुसायची, माझ्या सहीनं. तक्रार किंवा चौकशी असेल तरच थांबायचं.

काकांनी आता तारीख टाकली. स्क्रीनवर ओळ आली. मंगळवारी पुसलं. खाली त्यांचीच सही, त्या दिवशीच्या सगळ्या यादीवर एकगठ्ठा केलेली.

"चौकशी कधी लागली?" त्यांनी विचारलं.

"बुधवारी. आजोबांच्या मुलीचा अर्ज तीन महिने साहेबांच्या टेबलावर पडून होता म्हणे."

काका खुर्चीत बसले.

सिस्टरनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. "नाहीये?"

"नाही."

"तुमच्याकडे आहे म्हणून मी निर्धास्त होते हो, काका." तिचा आवाज चढला नाही. "तुम्हीच म्हणाला होतात ना, मी ऐकलंय, घाबरू नकोस म्हणून?"

ऐकलं होतं. संचालक येऊन गेले त्याच दिवशी, दार लावून. सिस्टर तीनदा म्हणाली होती, 'सर, बीपी आधीच खाली आहे.' आणि मोठे डॉक्टर म्हणाले होते, 'डोस दुप्पट कर. मला शिकवू नकोस. आल्यावर सही करतो.' ती सही त्यांनी केलीच नाही.

"मग एक प्रत काढून ठेवायची होती."

"परवानगीशिवाय प्रत काढायची नाही, असा नियम..." काका म्हणाले.

"नियम तुमचा आणि मान माझी," सिस्टर म्हणाली आणि जिन्याकडे वळली.

काकांनी संगणकही बंद केला नाही. ते तिच्या मागोमाग जिना चढले. गुडघे दुखत होते, तरी मधे कुठे थांबले नाहीत. चौथ्या मजल्यावर लांब टेबलाशी समितीचे तिघे बसले होते, बाजूला संचालक आणि कोपऱ्यात टाइप करणारी बाई. मोठे डॉक्टर चहा पीत होते.

"मला सांगायचंय," काका म्हणाले. "डोस दुप्पट करायला मोठ्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं. अकरा अडतीसला. मी माझ्या कानांनी रेकॉर्डिंग ऐकलंय."

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. टाइप करणाऱ्या बाईची बोटं भराभर चालली.

समितीच्या अध्यक्षांनी समोरची पानं उलटली. "याची नोंद?"

"होती."

"आहे का?"

काकांनी संचालकांकडे पाहिलं. संचालकांच्या चेहऱ्यावर तीच आपुलकी होती.

"नाही," काका म्हणाले. "मंगळवारी पुसली. मीच."

"काकांचा शब्द आमच्याकडे प्रमाण असतो," संचालक हळुवारपणे म्हणाले. "नोंद नाही ते घडलंच नाही, हे नव्या सिस्टरना पहिल्या दिवशी काकाच शिकवतात. आज मात्र पोरीच्या मायेपोटी... माणूस आहे शेवटी. आम्ही काही मनावर घेणार नाही."

"मायेपोटी नाही, साहेब. मी शपथेवर सांगतो..."

"काका, बसा," अध्यक्ष म्हणाले. आवाजात राग नव्हता. म्हाताऱ्या माणसाला रस्ता ओलांडून द्यावा, तसं ते बोलत होते. मग सिस्टरकडे वळून म्हणाले, "तुम्ही पुढे या. तुमच्या नावाची नोंद आहे."

सिस्टर पुढे गेली. काकांच्या शेजारून जाताना तिनं त्यांच्याकडे पाहिलं नाही.

टाइप करणाऱ्या बाईनं मान वर केली. "साहेब, यांचं म्हणणं ठेवायचं का?"

"नको. ऐकीव आहे," अध्यक्ष म्हणाले.

तिनं एका बटणावर बोट दाबून धरलं. काका तिच्या मागेच उभे होते. त्यांचं वाक्य शेवटाकडून उलटं, अक्षर अक्षर पुसत चाललं. अकरा अडतीस गेलं, मग फोन, मग मोठे डॉक्टर. सगळ्यात शेवटी राहिला 'रेकॉर्डकीपर' हा शब्द. मग तोही गेला, आणि कोऱ्या पानावर नुसती एक उभी रेघ लुकलुकत राहिली.