हरेश्वरकाकांची झोप

घिवलीच्या कोळीवाड्यातल्या हरेश्वर तांडेलांची झोप वाढलेल्या प्रोस्टेटने पार उडवली होती. लघवीला उठून अंगणात जायचं, येऊन पडायचं, की पुन्हा उठायचं. पण ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणायचे, "मी मला कापायला नाय देनार." शेवटी बायकोने, जयवंतीने, त्यांना बोईसरच्या युरोलॉजी सेंटरमध्ये नेऊन बसवलंच.

"काका, पोटावर एक टाकासुद्धा पडणार नाही," डॉक्टर म्हणाले. "दुर्बीण आत घालून लेझरने वाढलेला भाग काढून टाकू."

दुर्बीण कुठून घालणार हे कळल्यावर काका उठून दारापर्यंत पोचले होते. जयवंतीने हाताला धरून परत आणलं.

ऑपरेशन झकास झालं. लघवीसाठी लावलेली नळी निघाली, जळजळ थांबली, आणि एका रात्री काका असे झोपले की सकाळी जयवंतीने घाबरून त्यांच्या नाकाशी बोट धरलं.

काही दिवसांनी आळीतल्या बायका घोळक्याने घरी आल्या. तब्येत विचारायला आल्या असतील म्हणून काकांनी स्वतः खुर्च्या मांडल्या.

"एकदम बरा हाय मी," ते खुशीत म्हणाले. "आता रातभर उठायलाच लागत नाय!"

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मग शेजारची मथुराबाय पुढे झाली.



"तेच बोलाया आलोय, काका. तुमी रातभर उठायचे म्हनून आमचे वाळत घातलेले बोंबील मांजरांपासून वाचायचे. डॉक्टरला इचारा ना, थोडंसं परत बसवता येल का?"