काजळाचा ठिपका

सुग्रीवनं सदरा वर केला आणि डॉक्टर धर्मराजांचं डोकंच फिरलं. बेंबीच्या उजवीकडे, खाली, काजळाचा ठिपका होता.

म्हणजे हाही आधी सारजाबाईकडे जाऊन आलेला! बहात्तरच्या दुष्काळात गावची दूध सोसायटी बंद पडली होती. तिच्या कुलूपबंद दारापुढच्या ओट्यावर ही म्हातारी सकाळपासून बसायची. सरकलेली बेंबी जाग्यावर आणायची, पोटं चोळून द्यायची. दुष्काळी कामावर खडी फोडणारी माणसं तिच्यापुढे रांग लावून असत. एखाद्याच्या पोटाला मात्र ती काजळाचं बोट लावायची आणि न चोळताच दवाखान्यात पाठवून द्यायची. म्हणजे उरलंसुरलं तेवढं डॉक्टरांच्या वाट्याला.

धर्मराज पाच वर्षं घासून डॉक्टर झाले होते. पदवी चौकटीत घालून भिंतीवर टांगली होती. पण गावाचा विश्वास कुणावर, तर त्या अंगठेबहाद्दर म्हातारीवर! त्यांचा नुसता जळफळाट व्हायचा. असा पेशंट आला की ते आधी स्पिरिटनं ठिपका खसाखसा पुसत, मग तपासत.

"कुठं दुखतं?"

"बेंबीभवती. उलटी बी झाली. सारजामाय म्हणली, हितं चोळायचं न्हाई, डाक्टरला दाव."

"डॉक्टर ती आहे की मी?"

त्यांनी ठिपका पुसला. सगळं पोट दाबून पाहिलं. ठिपक्याची जागा तेवढी सोडली. मुद्दामच सोडली. म्हातारीनं दाखवावं आणि आपण दाबावं, एवढी वाईट वेळ अजून आली नव्हती. "कामावर खायला वाटतात ती सुकडी बाधली तुला," म्हणून त्यांनी औषधाची बाटली त्याच्या हातात दिली.

सुग्रीव टेबलावरून उतरला. दाराकडे निघाला तो वाकूनच. उजव्या पायावर त्याला भार देववत नव्हता.

डॉक्टर ताडकन खुर्चीतून उठले.

"थांब. परत झोप."

पुसलेल्या जागी त्यांनी बोटं हळूच दाबली आणि झटकन उचलली. सुग्रीव किंचाळला. अपेंडिक्स सुजलं होतं, फुटायच्या बेताला आलं होतं. गावाला पाणी देऊन रिकामा टँकर बीडला परत निघाला होता. डॉक्टर धावत जाऊन त्याला आडवे झाले.

दुसऱ्या दिवशी त्याच टँकरवाल्यानं निरोप आणला. ऑपरेशन झालं होतं, पोरगा वाचला होता. सगळं गाव डॉक्टरांचं कौतुक करू लागलं. त्यांना ते कौतुक गोड लागेना. शेवटी ते उठले आणि सोसायटीच्या ओट्यावर गेले.

"सारजाबाई, मी ती जागा मुद्दाम दाबली नव्हती. तुम्ही दाखवली होती म्हणून. तुमच्या बोटांचा फार हेवा वाटतो मला."

म्हातारी काजळाच्या डबीचं झाकण लावत होती. तिचा हात थांबला.

"माज्या बंकटचं पोट बी आसंच लागलं व्हतं हाताला. सा वर्साचं लेकरू. बराबर वळखलं व्हतं मी. तवा हितं दवाखाना न्हवता. तिसऱ्या दिशी गेलं." तिनं डॉक्टरांच्या हातांकडे पाहिलं. "नुसतं वळखून काय करू? एकेकाला ठिपका लावून तुमच्याकडं धाडताना लई जळते मी तुमच्यावर, डाक्टर."