हातातलं काम

“मरणाचं कलम खोडू नका, वहिनी. राहू द्या ते.” शटर वर करताना वकीलबाईंचा तो मऊ आवाज आजही वहिनीच्या कानात आला. आत टेबलावर कापड बेतून ठेवलेलं होतं.

वन्संना देवाघरी जाऊन महिना उलटला होता. शिवणाच्या या दुकानात बेतणं वन्संचं, शिवणं वहिनीचं. नणंद-भावजयीची भागीदारी ती. लोक म्हणत, यांचं भांडणसुद्धा मापात असतं. वहिनीला कात्री सरळ चालवता येत नसे. वन्सं गेल्या आणि दुकान बंद पडलं, असंच तिनं धरलं होतं. पण दुसऱ्याच सकाळी टेबलावर एक झगा बेतलेला होता. खडूची रेघ वन्संचीच, वळणावर जराशी दाबलेली.

वहिनीनं हात जोडले आणि मशीनवर बसली. पोट तर होतंच. रोज बेतलेलं मिळू लागलं, तशी ती नवी कामंही घेऊ लागली. वन्संची माया, दुसरं काय! कालच तिनं शाळेच्या गणवेशांचा मोठा गठ्ठा घेतला होता.

आज मात्र खडूची रेघ वाकडी होती. ठिकठिकाणी थांबलेली, जणू हात उचलतच नव्हता. वहिनीनं कात्री उचलली. कात्रीची मूठ कुणाच्यातरी घामानं ओली होती. आणि ऊबदार.

तिनं ती तशीच टेबलावर ठेवली. करारनामा करताना वकीलबाई म्हणाल्या होत्या, “भागीदार गेला की भागीदारी संपते. तुम्ही वेगळं काही लिहिलं नाहीत तर.” वहिनीनंच हट्टानं ते कलम खोडून वेगळं लिहून घेतलं होतं: हातातलं काम पुरं होईतो कुणी मोकळं व्हायचं नाही, मरणानंही नाही. “म्हणजे वर गेल्यावरही मला राबवणार तू,” असं म्हणत वन्संनी हसत सही केली होती.

टेबलापलीकडे कुणी नव्हतं. आवाज तिथूनच आला. अगदी दमलेला.

“वहिनी, अजून किती गं?”

माया कसली? वहिनी घेईल ते प्रत्येक काम त्यांच्या हातात जाऊन पडत होतं.

“झालं, वन्सं,” ती हळूच म्हणाली. “आजच सोडते तुम्हाला. शब्द देते.”

बेतलेलं सगळं तिनं शिवायला घेतलं. शेवटचं बटण लागेतो मान वर केली नाही. उद्या चूल कशावर पेटेल, हे तिला ठाऊक नव्हतं. गणवेशांचा गठ्ठा तसाच बांधलेला होता. तो तिनं काखेत मारला, शटर ओढलं आणि काम परत करायला शाळेच्या वाटेला लागली.