वाटीखालची पट्टी

नवीन पनवेलच्या त्या सोसायटीत विद्याधरकाका कुणाचंही क्रीम, शाम्पू फुकट तपासून देत. साबणाच्या कारखान्यातून रिटायर झालेला, घरात एकटा माणूस. आज वरच्या मजल्यावरची चारुता फेसक्रीम घेऊन आली. काकांनी बोटभर क्रीम पाण्यात कालवलं, प्रिझर्व्हेटिव्ह ओळखणारी पट्टी त्यात बुडवली, बशीत ठेवली आणि वर वाटी पालथी घातली.

"वीस मिनिटं लागतात. मध्येच उघडायचं नाही हं."

पाचवं मिनिट. चहा.
"काका, साखर किती! यातही पट्टी बुडवू का?"

बारावं मिनिट. गेलेल्या काकूंची गोष्ट, आपटा गावी शेतात पोपटीचं मडकं लावलं होतं तेव्हाची.

अठरावं मिनिट.
"मिस्टर कुठे असतात तुझे?"
"पुण्याला. शनिवारी येतात... आले तर."

विसाव्या मिनिटाला काकांनी वाटी उचलली. पट्टी पांढरीच होती.

"पास!"

"उद्या शाम्पू आणू?"

"आण की!"

ती गेली. रोज कपाटात लपवायचा पट्ट्यांचा खोका आज टेबलावरच राहिल्याचं काकांना तेव्हा दिसलं. त्यावरची ठळक अक्षरं इतका वेळ तिच्याच खुर्चीकडे तोंड करून होती :



'निकाल एका मिनिटात.'