जाऊबाईंचा नान

सबोहत जाऊबाई नवे दात बसवायला ताश्कंदला निघाल्या, तोवर आमच्या कोकंदच्या घरात तोंडभरून हसणारी मी एकटीच होते. मला ते आवडायचं.

आमची उझबेक रीत अशी: प्रवासाला निघणाऱ्याने नानचा एक घास दातांनी तोडायचा. उरलेला नान भिंतीवर टांगायचा, आणि परतल्यावर त्यानेच संपवायचा. जाऊबाईंच्या तोंडात एकही दात नव्हता, म्हणून त्यांनी नानला नुसत्या हिरड्या टेकवल्या.

परतल्या त्या जबड्याच्या हाडात पक्क्या बसवलेल्या, पांढऱ्याशुभ्र दोन ओळी घेऊन.

"वहिनी, नवरी दिसताय अगदी!" माझा नवरा म्हणाला आणि बघतच राहिला.

मी पुलाव वाढायला घेतला. एखादा तरी दात निखळावा, असं वाटत राहिलं.

सासूबाईंनी नान उतरवला. वाळलेल्या कडेचा एक घास कोणीतरी तोडला होता. दातांच्या खुणा स्पष्ट होत्या.

"जळून माझा नान खाल्लास होय गं, धाकटे?" जाऊबाई हसल्या.

"मी हातसुद्धा लावला नाही!"

"मग दात लावून दाखव."

दोन माणसांच्या दातांची ठेवण सारखी नसते, हे मी विद्यापीठात शिकले होते. बिनधास्त नान तोंडाशी नेला. एकेक दात आपापल्या खाचेत अलगद बसला.

घाबरून मी नान ओढून काढला.

"जुळले का गं?" सासूबाईंनी विचारलं.

मी बोलायला तोंड उघडलं. जिभेला सगळीकडे मऊ हिरड्याच लागत होत्या.