तुरीचं तास

जुईली सुट्टीला बार्शीटाकळीला आली, पण तिच्यासोबत लॅपटॉपही आला. संध्याकाळी ऑफिसच्या बैठकीत तिला दोन प्रश्नांची उत्तरं द्यायची होती. कॉम्प्युटरच्या चांगल्या चिपसाठी जवळजवळ सगळं जग एकाच छोट्या बेटावर का विसंबून बसलं? आणि आता काय करायचं?

"दुसरं मी सांगतो," तिचे वडील भगवंतराव जेवता जेवता म्हणाले. "चार जागी बनवा. आमी कपाशीच्या मधात तुरीचं तास, एखादी ओळ, कावून टाकतो? एक गेलं तं दुसरं हाती लागते. एवढी अक्कल नसन काय त्यायले? एवढे शिकलेले लोक!"

जुईलीनं ते लगेच लिहून घेतलं. भगवंतराव भलतेच खूश झाले. त्यांनी ताट पुढे केलं. "वाढ वो वरण!"

जुईलीच्या आईनं, कौशल्याबाईंनी वरण वाढलं. "दुकानातल्या डाळीचं हाय," त्या म्हणाल्या. "यंदा साऱ्या वावरात सोयाबीनच पेरलं तुमी. तुरीचं एक तास नाही टाकलं. कावून?"

भगवंतरावांनी भातात आळं केलं, मोडलं, पुन्हा केलं.

"आता... सारं गावच सोयाबीन पेरून राहिलं होतं."

जुईलीला हसताना ठसका लागला. पाणी पिऊन तिनं डाव्या हातानं लॅपटॉप पुन्हा ओढला.

"बाबा, पहिल्या प्रश्नाचंबी उत्तर तुमीच देलं!"